विभागाच्या तोंडाशी कोणता नियंत्रण व्हॉल्व्ह बसवावा? देखभालीच्या बाजूने एक तुलना

वाहिनी १० मीटर खाली उतरली की तिच्यातील दाब सुमारे १ किलोने (दर चौरस सेंटीमीटरला) वाढतो. त्यामुळे पुण्यात पर्वतीच्या बाजूने मुठेकाठच्या पेठांकडे उतरणारी वाहिनी आणि कात्रज-धनकवडीचा चढ चढणारी वाहिनी यांना एकच दाब मानवत नाही. समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ पुरवठा विभाग आखले गेले, तेव्हापासून प्रत्येक विभागाच्या तोंडाशी दाब आवरणारे काहीतरी हवे, हे सर्वांनाच मान्य आहे. खरेदी मात्र कॅटलॉग पाहून होते आणि पुढची पंधरा वर्षे चेंबरमध्ये दुसराच माणूस उतरतो. म्हणून येथे त्या माणसाच्या सोयीने विचार केला आहे.

आधी एक पर्याय बाजूला काढू. जुना स्लूस व्हॉल्व्ह चावीने अर्धवट आवळून दाब कमी करण्याची सवय सर्वत्र आहे. पण त्याचे दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद राहण्यासाठी घडवलेले असते. अर्धवट ठेवले की ते थरथरते, दार जिथे टेकते त्या बैठकीवर चरे पडतात आणि खरोखर बंद करण्याची वेळ येते तेव्हा पाणी थांबत नाही. स्लूस व्हॉल्व्ह तोडबंदीसाठीच राखावा.

खरी निवड राहते ती पायलटवर, म्हणजे दाब ठरवणाऱ्या छोट्या जोडव्हॉल्व्हवर, चालणारा डायफ्राम (रबरी पडद्याचा) व्हॉल्व्ह आणि मोटर बसवलेला, चकती फिरवून उघडणारा बटरफ्लाय व्हॉल्व्ह यांच्यात. डायफ्राम व्हॉल्व्हला वीज लागत नाही; वाहिनीतील दाबावरच तो स्वतःला उघडतो आणि मिटतो. त्याचे ओतीव अंग दशकानुदशके टिकते; बिघडतात त्या बारीक गोष्टी, म्हणजे पायलटच्या वाटेवरील जाळी, करंगळीएवढ्या नळ्या आणि रबराचा पडदा. पाणी चोवीस तास असेल तर हे सारे वर्षानुवर्षे निमूट चालते. पाळीपाळीने पाणी सोडले जात असेल तर मात्र रिकाम्या वाहिनीत प्रत्येक भरणीला हवा शिरते, जुन्या पाइपाचा गंज सुटतो आणि दोन्ही थेट पायलटपर्यंत पोहोचतात.

धनकवडीच्या चढावरील एका चेंबरमध्ये मी पावसाळ्याच्या तोंडावर उतरलो होतो. दाबमापकाचा काटा दोन आणि चार किलोंच्या मध्ये झोके घेत होता आणि व्हॉल्व्ह घरघरत होता. कुणीतरी आधीच पायलटचा स्क्रू तीन फेरे फिरवून ठेवला होता, म्हणजे मूळ जुळणीही हातची गेली होती. वरच्या झाकणाची तोटी सैल केली तेव्हा फुसफुसत हवा निघाली. जाळी बादलीत धुतली तर तळाशी तांबूस चोथा बसला. दहा मिनिटांचे काम होते, पण स्क्रूची जुळणी परत मिळवायला दोन दिवस गेले. जाळी आणि हवा आधी पाहावी, स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावावा.

आणखी एक पथ्य आहे. वरचा दाब खालच्या दाबाच्या तिपटीहून अधिक असेल, उदाहरणार्थ ६ किलोवरून दीड किलोवर आणायचे असेल, तर पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात, आत खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो आणि बैठक कुरतडली जाते. अशा जागी दाब दोन टप्प्यांत उतरवावा.

बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये पाण्याला लागणारे भाग मोजकेच असतात, त्यामुळे गंज-गाळाला तो अधिक सोशिक आहे आणि ठरावीक वेळी उघडझाप करण्यास उत्तम आहे. पण तो आपणहून दाब ओळखत नाही. संवेदक बिघडला की आंधळा होतो आणि वीज गेली की आहे त्या कोनात अडकून राहतो. जेमतेम १५-२० अंश उघडा ठेवून दाब आवरायला लावल्यास नियंत्रण ढोबळ होते आणि चकतीच्या कडा झिजतात. शिवाय त्याला फिटरबरोबर वीजतंत्रीही लागतो. पुण्यात मोठा धोका चेंबर तुंबण्याचा असतो. आयपी-६७ (पाणी-धूळ रोखण्याच्या मानांकनाच्या) दर्जाची मोटर १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्यापुरतीच तपासलेली असते, तर जुलैत चेंबर आठवडाभर भरलेले राहू शकते. त्यामुळे त्याहून वरच्या, आयपी-६८ दर्जाची घ्यावी किंवा मोटर जमिनीवरील खांबावर चढवावी. मला दुसरा उपाय अधिक पटतो.

माझे मत असे आहे की, चोवीस तास पाणी आणि तिपटीच्या आतील दाब असेल तेथे निःशंकपणे डायफ्राम व्हॉल्व्ह घ्यावा. पाळीच्या पाण्यावर बटरफ्लाय व्हॉल्व्ह बरा. पाळीच्या वाहिनीवर डायफ्रामच हवा असेल तर त्याच्या आधी मुख्य गाळणी आणि हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह नसेल तर तो बसवूच नये. पुण्यात गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवून कामे करण्याची पद्धत आहे. पडदा बदलायला तो दिवस सोयीचा आहे. मात्र भरणीची हवा त्यानंतरच अडकते, म्हणून शुक्रवारी सकाळी पुन्हा चेंबर उघडून तोटी सैल करणे वेळापत्रकातच घालावे. निविदेत दोन्ही बाजूंचे स्लूस व्हॉल्व्ह, बायपास, उकलता सांधा आणि पडद्याचे दोन सुटे संच लिहून घ्यावेत. पायलटचा मूळ दाब चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस रंगाने लिहिण्याची अटही त्यातच घालावी.