मॅकबुक एअर एम१ : मराठी मजकुराच्या कामावर चार वर्षे

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या आमच्या घराच्या तळमजल्यावर जे जे होते ते सगळे गेले आणि त्यातच माझा जुना लॅपटॉपही गेला. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आणि प्रकाशकांसाठी प्रुफे तपासते. त्यामुळे नवा लॅपटॉप ही हौस नव्हती, त्यावाचून कामच अडले होते. त्या दिवाळीत मी ॲपलचा मॅकबुक एअर घेतला. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या या एम१ चिपच्या मॉडेलची भारतातली किंमत ९२,९०० रुपयांपासून सुरू होत होती. सणाची सूट आणि बँकेच्या कार्डावरची सवलत वजा करूनही आकडा ऐंशी हजारांच्या वर राहिला, म्हणजे आमच्या नात्यागोत्यात लॅपटॉपवर जितका खर्च करण्याची रीत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. तो खर्च वसूल झाला का, हे सांगण्याइतका काळ आता उलटला आहे. वसूल झाला, असेच मी म्हणेन. मात्र दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत घेतलेल्या एका निर्णयाची किंमत मी अजून मोजते आहे, आणि तो निर्णय माझा होता.

आधी बॅटरीबद्दल, कारण कोकणात राहणाऱ्याला पहिली गरज तिचीच पडते. पावसाळ्यात आमच्याकडे कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि वीज दुपारी गेली तर रात्रीपर्यंत येईलच असे नसते. कंपनी वाय-फायवर वेब पाहण्यासाठी १५ तास आणि व्हिडिओसाठी १८ तास सांगते. माझा वापर असा : पडद्याचा प्रकाश निम्म्यावर, वर्डची एक मोठी फाइल उघडी, ब्राउझरमध्ये शब्दकोशांची आठ-दहा पाने आणि अधूनमधून मेल. एवढ्या कामावर नव्याची नवलाई होती तेव्हा ११-१२ तास सहज मिळत. आज बॅटरीची ४१८ आवर्तने (एकूण एका पूर्ण बॅटरीइतका वापर म्हणजे एक आवर्तन) झाली आहेत, मूळ क्षमतेच्या ८६ टक्के उरली आहे आणि सकाळी पूर्ण भरलेला लॅपटॉप संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत टिकतो. कंपनीने या बॅटरीसाठी १,००० आवर्तनांची मर्यादा दिलेली आहे, त्यामुळे अजून बराच पल्ला बाकी आहे. बॅटरी ४९.९ वॉट-तासांची, म्हणजे आकाराने काही मोठी नाही. खरी करामत चिपची आहे. तिच्या आठ कोअरपैकी, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या भागांपैकी, चार कमी विजेवर चालण्यासाठीच बनवलेले आहेत आणि मजकुराचे बहुतेक काम त्या चारांवरच भागते. सोबत आलेला चार्जर ३० वॉटचा आहे, पण टाइप-सी असल्याने मोबाइलच्या चार्जरवरही, सावकाश का होईना, काम निभते. वीज गेली की आमच्या घरातला इन्व्हर्टर आता फक्त दोन दिवे, पंखा आणि राउटर सांभाळतो.

या लॅपटॉपला पंखा नाही. मुलाखतींची ध्वनिमुद्रणे ऐकून ती शब्दशः उतरवून घेण्याचे काम मी करते, तेव्हा या शांततेचे मोल कळते. आधीचा लॅपटॉप अशा वेळी पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागे आणि बोलणाऱ्याने 'नव्हतं' म्हटले की 'होतं', हे ठरवण्यासाठी तेच वाक्य चारदा ऐकावे लागे. पंखा नसल्याने बाहेरची धूळ आत खेचली जात नाही, हा आणखी एक फायदा. अर्थात याचे दुसरे टोकही आहे : लांबलचक व्हिडिओ तयार करण्यासारखे जड काम सलग चालले तर उष्णता आवरण्यासाठी चिप आपला वेग आपणच कमी करते. ज्यांचा व्यवसाय व्हिडिओचा आहे त्यांनी पंखा असलेले मॉडेल पाहावे. माझ्या कामात तशी वेळच येत नाही.

पडदा १३.३ इंचाचा असून त्यावर २५६० गुणिले १६०० बिंदू आहेत, म्हणजे इंचाला २२७. नेहमीच्या १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर हेच प्रमाण १४१ च्या आसपास पडते. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक फार तर सुबकपणाचा वाटेल, पण देवनागरीची प्रुफे तपासणाऱ्याला तो चुका सापडण्या-न सापडण्याचा फरक आहे. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'द्ध' आणि 'द्व' या जोड्या दहा पॉइंटच्या अक्षरात डोळ्यांना सहज चकवतात; मात्रेच्या शेजारचा अनुस्वार तर कित्येकदा नुसता ठिपक्याचा भास होऊन राहतो. जुन्या लॅपटॉपवर अशा जागी मी पान दीडपटीने मोठे करून पाहत असे आणि मग ओळीचा शेवट पडद्याबाहेर जाई. आता पूर्ण पान एका दृष्टीत ठेवून वाचता येते. ऊन पडद्यावर पडत असेल तर ४०० निट्सचा प्रकाश जेमतेम पुरतो, म्हणून पडवीत काम करायचे झाल्यास मी भिंतीकडे पाठ करून बसण्याची जागा ठरवून टाकली आहे.

कळफलकावर देवनागरी अक्षरे छापलेली नाहीत, पण इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकाची, ठेवण मॅकमध्ये मुळातच आहे आणि डाव्या कोपऱ्यातल्या पृथ्वीगोलाच्या चिन्हाची कळ भाषा बदलण्यासाठी नेमून देता येते. अनुवाद करताना दर दोन मिनिटांनी भाषा बदलावी लागते, त्यामुळे एकाच बोटाने होणारी ही सोय मला फार मोलाची वाटते. 'दऱ्या' लिहिताना 'द'नंतर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरपी रेघ आणि शेवटी ई दाबले की चंद्रकोरीसारखा अर्धा र बिनचूक उमटतो, त्याचा रफार होत नाही. ज्यांनी 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचा गोंधळ छापून आल्यावर लेखकाचे बोलणे ऐकले आहे, त्यांना या चार कळांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कळांची खोली बेताची आहे. आवाज कमी, ठोका स्पष्ट. चार वर्षांत ए, एस आणि डी या कळा घासून चकचकीत झाल्या आहेत, कारण ओकार, एकार आणि हलन्त तिथेच बसतात.

मराठीच्या व्यवसायात असलेल्यांनी मात्र एक गोष्ट विकत घेण्याआधीच पारखून घ्यावी. आपल्याकडच्या कित्येक प्रकाशनसंस्था आणि अक्षरजुळणीकार अजूनही युनिकोडच्या (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीच्या) आधीच्या फॉण्टमध्ये काम करतात. त्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे फॉण्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांचा काला दिसतो. ही सगळी घडी विंडोजवर बसलेली आहे. हा दोष लॅपटॉपचा नव्हे, पण त्रास लॅपटॉपच्या मालकालाच होतो. पूर्वीच्या इंटेल चिपच्या मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने विंडोज टाकता येत असे; एम१ वर ती वाट बंद आहे. मॅकच्या आतच विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून एआरएम विंडोज (एम१सारख्या चिपसाठीची विंडोजची आवृत्ती) चालवण्याला मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये मान्यता दिली आहे, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात आणि मेमरीही हाताशी हवी. मी अखेर प्रकाशकांशी बोलून असे ठरवले की मजकूर मला युनिकोडमध्ये रूपांतरित करून यावा आणि अंतिम प्रुफे पीडीएफमध्ये यावीत. रूपांतरात काही जोडाक्षरे हमखास बिघडतात, पण ती दुरुस्त करण्याचेच तर मला पैसे मिळतात.

आता त्या पाच मिनिटांच्या निर्णयाबद्दल. दुकानात ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप समोर तयार होता. १६ जीबीचा हवा तर मागणी नोंदवून काही आठवडे थांबावे लागणार होते आणि पैसेही जास्त पडणार होते. पुरानंतरचे खर्च डोक्यावर होते, दोन पुस्तकांची मुदत उलटत चालली होती आणि 'नंतर वाढवता येईल का?' या माझ्या प्रश्नाला विक्रेत्याने प्रामाणिकपणे 'नाही' असेच उत्तर दिले होते. तरी मी ८ जीबी घेतले. या लॅपटॉपमध्ये मेमरी चिपच्याच पाकिटात बसवलेली आहे आणि साठवणही मुख्य बोर्डावर पक्की डकवलेली आहे, म्हणजे नंतर कोणत्याही कारागिराला त्यात भर घालता येत नाही. पहिली दोन वर्षे मला काहीच जाणवले नाही. मग स्कॅन केलेल्या जाडजूड संदर्भग्रंथांची कामे येऊ लागली. सहाशे पानांची पीडीएफ, तिच्या शेजारी वर्ड आणि ब्राउझरची पंधरा-वीस पाने उघडली की यंत्रावरचा भार दाखवणाऱ्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरीचा हिरवा आलेख पिवळा होतो आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना क्षणभर अडखळल्यासारखे होते. काम थांबत नाही, कारण जागा अपुरी पडली की यंत्रणा साठवणीचाच काही भाग मेमरीसारखा वापरते आणि ही साठवण वेगवान आहे. पण ते अडखळणे दिवसातून दहादा जाणवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनेच त्या वेळी विक्रीला असलेल्या एअरच्या सगळ्या मॉडेलची किमान मेमरी, किंमत न वाढवता, १६ जीबी केली. ती बातमी वाचताना मला झालेला आनंद निर्भेळ नव्हता.

उरलेले मुद्दे थोडक्यात. टाइप-सीची दोन खोबणे आहेत आणि दोन्ही डाव्या हाताला, त्यातले एक चार्जिंगला जाते. पेन ड्राइव्हसाठी हब, म्हणजे जास्तीची खोबणे देणारा जोड, हवाच. पहिला हब मी स्वस्तातला, फारसे नाव नसलेल्या एका कंपनीचा घेतला आणि तो तीन महिन्यांत गेला. दुसरा जरा बरा घेतला, तो अजून चालतो आहे. बाहेरचा मॉनिटर एकच जोडता येतो. कॅमेरा ७२० पी आहे, संध्याकाळच्या ऑनलाइन बैठकीत चेहरा दाणेदार दिसतो. अनुवादकाचा चेहरा पाहण्याची कोणाला फारशी उत्सुकता नसते, म्हणून चालून जाते. वजन १.२९ किलो असल्याने एसटीच्या प्रवासात मांडीवर घेऊन काम करता येते आणि खांदाही दुखत नाही.

हे मॉडेल कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपल्या यादीतून काढले, तरी वापरलेले एम१ एअर बाजारात मुबलक मिळतात. मॅकओएस या मॅकच्या कार्यप्रणालीची २०२५ ची टाहो ही आवृत्तीही एम१ वर चालते. लेखन, अनुवाद, अभ्यास एवढ्यापुरता लॅपटॉप हवा असेल आणि वापरलेला घ्यायला हरकत नसेल, तर १६ जीबीचा मिळेपर्यंत शोध सोडू नये, असे मी सांगेन. टॅली शिकायची किंवा वापरायची असेल तर या वाटेला जाऊच नये, कारण ते सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते.

गेल्या महिन्यात माझा भाचा असाच एक एम१ एअर पाहून आला आणि 'मावशी, तू एकदा बघ' म्हणून मला सोबत घेऊन गेला. ऑप्शनची कळ दाबून डाव्या कोपऱ्यातला ॲपल मेनू उघडला की सिस्टम इन्फर्मेशन येते. तिथे पॉवर या सदरात बॅटरीची आवर्तने लिहिलेली असतात. ती अवघी १९० होती, पत्र्यावर ओरखडा नव्हता आणि मेमरी १६ जीबी होती. भाच्याने खिशातून पैसे काढले सुद्धा होते. मी विक्रेत्याला म्हटले, आमच्यासमोर सगळा डेटा पुसून नव्याने सुरू करून दाखवा. अर्ध्या तासाने भाषा आणि वाय-फाय विचारून झाल्यावर पडद्यावर सूचना आली की हा मॅक एका संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे आणि पुढे जाण्यासाठी त्या संस्थेचे खाते लागेल. कोण्या कार्यालयाचा तो लॅपटॉप त्यांच्या नोंदीतून मोकळा न होताच बाजारात आला होता. आम्ही तो तसाच टेबलावर ठेवून परत आलो. भाच्याचा शोध अजून चालू आहे.