पंक्चरची तयारी: स्टेपनी की सीलंट आणि पंप?
टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला आणि भोक साधारण ६ मिमीपर्यंत असेल, तर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) आणि १२ व्होल्टचा पंप पुरतो. खिळा उपसू नका. सीलंट भरा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा दाब येईपर्यंत हवा भरा आणि लगेच काही किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे द्रव आत सगळीकडे पसरतो. मग दाब पुन्हा तपासा. गाडी उचलावी लागत नाही. रात्री हायवेच्या कडेला हे फार मोलाचं. पण टायरची बाजू फाटली तर सीलंट कुचकामी. बाटलीवरची मुदतही पाहा.

स्टेपनी दोन्ही वेळा उपयोगी, म्हणून लांबच्या प्रवासाला आमचं मत तिलाच. मात्र निघण्याआधी तिची हवा बघाच, तिच्याकडे महिनोन्महिने कुणी पाहत नाही. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय लागतं आणि ती ताशी ८० किमीच्या वर पळवायची नसते. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. उचलल्यावर जोर लावला तर जॅक निसटू शकतो. आवळताना समोरासमोरचे नट घ्या, ५० ते ८० किमीनंतर पुन्हा तपासा. पाना नटाला नीट बसतो का, हे घरीच पाहून घ्या.