पान कधी दिसलं हे कोण सांगेल: लाइटहाऊस, ब्राउझरटाइम की प्लेराइट?

वेबपान पडद्यावर किती वेळात उमटतं, हे दर बदलानंतर आपोआप मोजायचं असेल तर ही तीन नावं समोर येतात. तिन्ही मोफत आणि खुल्या कोडची. पण तिघं एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि निवड त्यावरच करायला हवी.

गूगलचं लाइटहाऊस सर्वांत सोपं, क्रोममध्येच मिळतं. मात्र मूळ सेटिंगमध्ये ते पान मंद नेटवर उघडतच नाही. पान पूर्ण वेगानं उघडतं आणि मग १५० मिलिसेकंदांचा विलंब, सेकंदाला १.६ मेगाबिटचं नेट आणि चौपट मंद प्रोसेसर असता तर काय झालं असतं, याचा हिशेब मांडतं. म्हणजे अहवालातला एलसीपी (पानाचा सर्वांत मोठा भाग दिसेपर्यंतचा वेळ) हा अंदाज असतो. कालच्यापेक्षा आज पान जड झालं का, हे कळायला तो पुरेसा आहे. वाचकाला पान कधी दिसलं, याचा पुरावा म्हणून तो क्लायंटपुढे ठेवू नका.

तो पुरावा हवा तर ब्राउझरटाइम घ्या. साइटस्पीड या वेग मोजणाऱ्या साधनामागचं हे इंजिन पडद्याचा व्हिडिओ घेतं आणि एकेक फ्रेम तपासून पहिला बदल कधी दिसला, शेवटचा कधी, हे काढतं. क्रोमसोबत फायरफॉक्स आणि मॅकवर खरी सफारीही चालते. जोडीला पॅकेटच्या पातळीवर नेट मंद केलं, तर सर्व्हरशी सुरुवातीच्या जुळणीलाही (टीसीपी आणि टीएलएस) खरा उशीर लागतो. त्रास उभारणीचा आहे. व्हिडिओ घेतानाच प्रोसेसर खर्च होतो, त्यामुळे तुटपुंज्या क्लाउड मशीनवर आकडे डोलतात. मराठी साइट असेल तर आणखी एक तपासा: कंटेनरमध्ये, म्हणजे चाचणी चालते त्या बंदिस्त वातावरणात, देवनागरी फाँट आहे ना? नसेल तर वेबफाँट येईपर्यंत अक्षरांच्या जागी चौकटी उमटतात, ओळींची उंची बदलते आणि वाचकाच्या फोनवर कधी न घडणारी उडी तुमच्या सीएलएसमध्ये (मांडणी किती हलली याच्या आकड्यात) नोंदली जाते.

मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट मुळात चाचणीचं साधन. लॉगिननंतरचं पान, फिल्टर लावल्यावरची यादी अशा ठिकाणी तेच हाताशी येतं, पण आकडे गोळा करायचा कोड तुम्ही लिहायचा. त्यातलं वेबकिट हे सफारीचं इंजिन, पण खरी सफारी नव्हे. क्लिकनंतरचा प्रतिसाद सांगणारं आयएनपी मार्च २०२४ पासून कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे गूगलच्या मुख्य मापांमध्ये, आहे. नुसतं पान उघडून ते मिळत नाही, त्यासाठी असा क्लिक करणारा ब्राउझर लागतोच.

छोटी टीम असेल तर मी प्रत्येक पुल रिक्वेस्टला (कोडमधला बदल सामील करण्याच्या विनंतीला) लाइटहाऊस लावेन, पाच फेऱ्या आणि त्यांचा मध्यक. बातम्या किंवा दुकानाची साइट असेल तर सोबत रात्रीचं ब्राउझरटाइम, फक्त त्याच कामासाठी ठेवलेल्या मशीनवर. प्लेराइटच्या चाचण्या आधीच असतील तर त्यांतच मोजणी घाला, केवळ वेगासाठी नव्यानं उभारू नका.