फ्रान्शहुकची वाइन ट्राम आणि स्टेलनबॉशचा आर-४४ रस्ता: बागायतदाराच्या नजरेतून

परदेशात वायनऱ्या बघायच्या म्हटलं की फ्रान्स-इटलीचं नाव आधी निघतं. काटोल, वरुड, मोर्शी, अचलपूरकडच्या संत्र्याच्या कास्तकाराने गाइड न घेता स्वतः फिरायचं ठरवलं, तर मात्र आमचं मत दक्षिण आफ्रिकेच्या केप भागाला आहे. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, इंग्रजी मजकुराचं आपलं लायसन्स चालतं, वायनरीतल्या माणसाशी इंग्रजीत बोलता येतं. शिवाय पीक आणि त्याची विक्री दोन्ही एकाच वावरात बघायला मिळतात.

जायचं कधी, हे आपल्या बहारावर ठरवा. तिकडे द्राक्षतोड जानेवारीच्या शेवटी सुरू होते आणि एप्रिलपर्यंत चालते. मृग बहार धरणाऱ्याची तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणून त्याने जानेवारी अखेरीलाच उरकून घ्यावं. आंबिया बहारवाल्याला मार्च बरा, फक्त ओलिताला घरी भरवशाचा माणूस हवा. जून ते ऑगस्ट तिकडे हिवाळा आणि पावसाळा एकदमच असतो. तेव्हा वेली नुसत्या काड्या असतात, त्या बघायला एवढा खर्च करू नये.

फ्रान्शहुकची वाइन ट्राम ही सोय गाइडशिवाय फिरणाऱ्यासाठी अव्वल आहे. केपटाउनपासून हे गाव साधारण ८० किलोमीटर. तिकीट काढतानाच एक लाइन निवडावी लागते, लाइनींना रंगांची नावं आहेत. प्रत्येक लाइनवर ठराविक वायनऱ्या येतात. एका ठिकाणी उतरायचं, साधारण तासाने पुढची गाडी येते तिच्यात बसायचं. रुळावरची ट्राम थोड्याच अंतरासाठी आहे, बाकी प्रवास बसने होतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. तिकिटाचे पैसे फक्त प्रवासाचे, प्रत्येक वायनरीत टेस्टिंगचे पैसे वेगळे पडतात. शंभर-दीडशे रँड धरून चला, रँड पाच रुपयांच्या आसपास असतो.

लोक चुकतात ते इथेच. लाइनवर सात-आठ नावं दिसली की सगळी उरकायचा मोह होतो. हिशेब करून बघा. एका घोटाला २५ ते ३० मिली, एका वायनरीत पाच वाइन म्हणजे १२५ ते १५० मिली. तीन वायनऱ्या झाल्या की अर्धी बाटली किंवा त्याहून जास्त वाइन पोटात गेलेली असते, तीही वरून ऊन आणि मध्ये जेवण नाही अशा वेळी. म्हणून दिवसाला तीनच. सकाळची पहिली गाडी पकडा, दुसऱ्या थांब्यावर जेवा आणि तिथे दोन गाड्यांचा वेळ द्या. उशिराची सुरुवात घेतली तर तिसरी वायनरी बहुधा हातची जाते. डिसेंबर-जानेवारीत आणि शनिवार-रविवारी आगाऊ बुकिंगशिवाय जाऊच नका.

टेबलावर पिकदाणीसारखं एक भांडं ठेवलेलं असतं. घोट तोंडात घोळवून त्यात थुंकायचा, त्यात काहीही कमीपणा नाही. तिथले जाणकार तेच करतात. खर्रा मात्र त्या दिवशी सकाळपासून बंद. सुपारी, तंबाखू आणि चुन्याने जीभ बधिर होते, मग हजाराची वाइन आणि शंभराची वाइन सारखीच लागते. सुपारी चघळल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, लाल वाइनमधलं टॅनिन म्हणजे हुबेहूब तोच तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून येतो. आधी फेसाळ, मग पांढरी, मग लाल आणि शेवटी गोड, हा क्रम मोडू नका. गोड वाइननंतर पांढरी नुसती आंबट लागते.

ट्रामला एक मर्यादा आहे. वेळापत्रक गाडीचं असतं, त्यामुळे वावरात उतरून माणसाशी निवांत बोलणं जमत नाही. त्यासाठी दुसरा दिवस स्टेलनबॉशला द्या. फ्रान्शहुकहून हेल्सहोख्ताच्या घाटाने ते साधारण ३० किलोमीटर आहे. स्टेलनबॉश ते पार्ल जाणाऱ्या आर-४४ रस्त्याच्या आजूबाजूला सिमोनसिख, डेलहाइम, कॅनॉनकॉप आणि पुढे पार्लकडे फेअरव्ह्यू आहे. चारांपैकी तीन निवडा. सिमोनसिखने १९७१ मध्ये बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली केपची पहिली फेसाळ वाइन काढली. कॅनॉनकॉप पिनोटाज या द्राक्षाच्या जातीसाठी बघावं. पिनो न्वार आणि सँसो यांचा हा संकर १९२५ मध्ये स्टेलनबॉशच्या प्राध्यापक पेरोल्ड यांनी केला. फेअरव्ह्यूला शेळ्यांसाठी बांधलेला मनोरा आहे आणि त्यांचं स्वतःचं चीज मिळतं. मुलं सोबत असतील तर हेच घ्या, मात्र १८ वर्षांखालच्यांना वाइन मिळत नाही. काही वायनऱ्या रविवारी बंद असतात, वार आधी बघून ठेवा.

या दिवशी गाडी कोण चालवणार, ते घरूनच ठरवून निघा. तिकडे रक्तात १०० मिलीला ०.०५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, आपल्याकडे ०.०३. आकडा थोडा सैल दिसतो म्हणून त्याच्या भरवशावर स्टीअरिंग धरू नका, चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. स्टेलनबॉशमध्ये ॲपवरची टॅक्सी मिळते, फ्रान्शहुकच्या खोऱ्यात संध्याकाळी ती मिळणं कठीण. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा आणि थांबलेल्या गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका.

वायनरीत विचारायचा खरा प्रश्न खुंटाचा, म्हणजे कलम ज्या मुळाच्या रोपावर बांधतात त्याचा आहे. फिलोक्सेरा हा मुळं खाणारा किडा केपमध्ये १८८६ मध्ये सापडला आणि त्यानंतर वेली अमेरिकन खुंटावर बांधायची वेळ आली. आपला संत्रा जंबेरीच्या खुंटावर बांधतात, तीच ही गोष्ट. कोणत्या जमिनीला कोणता खुंट, ठिबक कधी बंद करता, हे विचारा. द्राक्ष पिकता पिकता पाणी मुद्दाम तोडतात, म्हणजे दाणा लहान राहून चव दाट होते. बहाराचा ताण देणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि तसा प्रश्न आला की समोरचा माणूसही खुलतो. तो काउंटर सोडून बाहेर ओळीपर्यंत घेऊन आला तर दाणा तोडून बी चावून बघा. बी हिरवी आणि कडू असेल तर तोड लांब आहे. ती तपकिरी होऊन बदामासारखी कुरकुरली तर तोड जवळ आली.

कट्टर शाकाहारी असाल तर एक खुलासा करून घ्या. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन वापरतात, म्हणून 'व्हीगन आहे का' असं थेट विचारा. चीजसाठी दूध गोठवायला वापरतात त्या रेनेटबद्दलही तेच. जेवणात मांस फार, शाकाहारी ताट आदल्या दिवशी सांगून ठेवा.

व्हिसाच्या कागदपत्रांत पासपोर्टला दोन कोरी पानं आणि परतीनंतर किमान ३० दिवसांची मुदत लागते. शेतीचं उत्पन्न दाखवायला बँकेच्या स्टेटमेंटसोबत सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडा. नुसत्या सातबाऱ्यावरून पैसा किती येतो ते कळत नाही. विमान दुबई किंवा दोहामार्गे घ्या. अदिस अबाबा किंवा नैरोबीला १२ तासांहून जास्त थांबा झाला, तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस घेतल्यावर १० दिवसांनीच ते ग्राह्य धरतात.

परतताना माणशी २ लिटरपर्यंत दारू भारतात विनाशुल्क आणता येते. ७५० मिलीच्या दोन आणि ५०० मिलीची एक, असा बरोबर २ लिटरचा मेळ बसतो. ती छोटी बाटली केपटाउनच्या कॉन्स्टान्शिया भागातल्या 'व्हँ द कॉन्स्तान्स' या गोड वाइनची असावी, केपटाउनच्या मुक्कामात घ्या. महाग आहे, पण सेंट हेलेनावर कैदेत असलेला नेपोलियन कॉन्स्टान्शियाचीच गोड वाइन मागवत असे. भरलेली बाटली साधारण सव्वा किलोची होते. प्रत्येक बाटली कपड्यात वेगळी गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा.

नागपूरला उतरल्यावर गाडी कुठून न्यायची, हेही ठरवा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि नागपूर-अमरावती महामार्ग कारंजा घाडगे, तळेगाव करत त्याच जिल्ह्यातून जातो. वरुड-मोर्शीकडच्यांना काटोल-जलालखेड्याचा रस्ता आहे. गडचिरोलीतही बंदीच आहे, तिथल्यांनी बाटल्या आणूच नयेत. इतरांनी दारू बाळगायचा परवाना जवळ ठेवावा.

घरी बाटली कपाटात ठेवू नका. आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा वाइनला सोसत नाही, बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि अक्षय तृतीयेच्या आत संपवा.