फिरतीवर दोन प्रीपेड सिम: दिवसाला सोळा रुपयांचा हिशेब

आधी निकाल सांगतो, मग कारणं. ज्याचं पोट फिरतीवर आहे त्याने एका कंपनीचा मोठा प्लॅन घेण्यापेक्षा दोन वेगळ्या कंपन्यांचे मध्यम प्लॅन घ्यावेत. एक ८४ दिवसांचा, रोजच्या डेटाचा. दुसरा तेवढ्याच मुदतीचा, पण थोडासा डेटा एकदमच देणारा. दोन्ही मिळून मला दिवसाला सोळा रुपयांच्या आसपास पडतात. गेला अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे महिने मी या जोडीवर काढलेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

काम सांगितलं नाही तर हिशेब कळणार नाही. मी दूध संस्थांमधली दुधाचं फॅट मोजणारी मशिनं आणि काटे दुरुस्त करतो. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड, आणि घाट उतरून वैभववाडी, कणकवली, दोडामार्ग. कधी मोटरसायकल, पावसात एसटी. दूध संकलन सकाळी आणि संध्याकाळी, त्यामुळे फोनही त्याच वेळी येतात. "दादा, मशिन फॅटच दाखवंना, लोकं लाईनीत उभी हायत." हा फोन लागला नाही तर संस्था दुसऱ्या माणसाला बोलावते आणि पुढच्या वेळी थेट त्यालाच बोलावते. म्हणजे माझ्या दृष्टीने पहिला मान कॉलला. डेटा लागतो तो मशिनचा व्हिडिओ कॉल, बिघाडाचे फोटो, नकाशा आणि यूपीआयपुरता. सिनेमे मी घरी वायफायवर बघतो.

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हापासून मी प्लॅन नीट वाचायला लागलो. त्या वाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीवाला प्लॅन २९९ ला झाला, आणि तोच रोजचा डेटा ८४ दिवसांसाठी ७९९ ला. एअरटेलकडे ८४ दिवस आणि रोज दीड जीबीसाठी ८५९. आता २८ दिवसांचा खेळ बघा. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांनी रिचार्ज मारलात तर वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. २९९ गुणिले तेरा म्हणजे ३,८८७ रुपये, म्हणजे दिवसाला दहा रुपये अडुसष्ट पैसे. तेच ७९९ ला ८४ ने भागलं की साडेनऊ. फरक फार मोठा नाही, पण फिरतीवर खरा फायदा पैशांचा नसून तारखेचा असतो. मुदत संपली की आउटगोइंग त्याच क्षणी बंद होतं. भुईबावड्याच्या घाटात असताना रात्री बाराला पॅक संपला तर तिथे रिचार्ज मारायलाही रेंज नसते. वर्षातून चारपाच वेळाच ती तारीख आली तर लक्षात ठेवता येते.

मग थेट वर्षाचाच का नाही? हा प्रश्न मला घरातूनही विचारला गेला. जिओ आणि एअरटेल दोघांचेही ३,५९९ चे वर्षाचे प्लॅन होते, पहिल्यात रोज अडीच जीबी, दुसऱ्यात दोन. दिवसाला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत, वर मध्येच दरवाढ झाली तर आपण सुरक्षित. एका गावात बसून काम करणाऱ्याला मी हाच घ्या म्हणेन. पण माझा भाग कामाप्रमाणे बदलतो. या वर्षी कणकवलीकडे फेऱ्या जास्त, पुढच्या वर्षी कदाचित चंदगडकडे. वर्षाचे पैसे एका कंपनीत अडकले आणि नव्या भागात तिचा टॉवरच नसला तर करायचं काय? पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, की उरलेली मुदत बुडते. ८४ दिवस हा मला मधला मार्ग वाटतो.

रोजच्या डेटाबद्दल एक कुरकुर. दीड जीबी रोज म्हणजे ऐकायला भरपूर. पण घाटात असलेल्या दिवशी त्यातला पाव भागही संपत नाही, आणि रात्री बारा वाजले की उरलेला जातो. दुसऱ्या दिवशी मशिनचं सॉफ्टवेअर उतरवायचं असलं की तोच डेटा दुपारीच संपून वेग रांगायला लागतो. म्हणून दुसऱ्या सिमवर मी एकूण डेटाचा प्लॅन ठेवतो. ८४ दिवसांत सहासात जीबी, किंमत पाचशेच्या आसपास. हा डेटा रात्री बाराला मरत नाही. मुख्य सिमचा संपला की दुसऱ्याचा चालू करायचा, काम झालं की लगेच बंद. महिन्याला दोन जीबी पुरवून वापरले तर पुरतात, फक्त व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद ठेवावं लागतं. कामाच्या ग्रुपवरचे सुप्रभात व्हिडिओ यात सगळ्यात जास्त खातात.

अमर्याद ५जीच्या नादी मी लागलो नाही. दरवाढीनंतर ते रोज दोन जीबी किंवा त्याहून जास्तच्याच प्लॅनवर मिळायला लागलं. कोल्हापूर शहरात त्याचा उपयोग आहे. गगनबावड्याला जाताना निम्म्या वाटेत फोनवर ४जी दिसलं तरी मी खूश असतो.

आता रेंज, म्हणजे खरा विषय. कुठल्या कंपनीची रेंज कुठे जाते ते मी नाव घेऊन लिहिणार नाही. एकाच घाटात एका वळणाला एक सिम जिवंत असतं आणि पुढच्या वळणाला दुसरं. शिवाय एका नव्या टॉवरने सगळं चित्र बदलतं. माझ्या अनुभवाचा मथितार्थ एवढाच की दोन्ही सिमं एकाच वेळी मेली असं फार क्वचित झालं, आणि एक मेलं असं जवळजवळ रोज. करुळ घाटाच्या खाली एका संस्थेत मुख्य सिमवर काहीच नसतं, दुसऱ्यावर व्हिडिओ कॉल लागतो. आजऱ्याच्या पुढे एका वाडीत बरोबर उलट. एकाच कंपनीची दोन सिमं घेऊन हे साधत नाही, आणि हे सांगायची वेळ यावी याचं नवल वाटतं, पण रोज तसे लोक भेटतात. "दोन सिमं हायत की" म्हणतात, आणि दोन्ही एकाच टॉवरची.

जोडी निवडताना एक तांत्रिक गोष्ट बघा. जिओचं जाळं पहिल्यापासून ४जी आणि आता ५जी, त्यांच्याकडे २जी नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांच्याकडे २जी अजून आहे. डोंगराच्या कडेला जिथे इंटरनेटचं चाक नुसतं फिरत राहतं, तिथे २जीवर साधा कॉल लागून जातो. त्यामुळे दोघांतलं एक सिम २जी असलेलं असावं. आणि फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क "फक्त ४जी" करून ठेवू नका, नाहीतर शेजारचा २जी टॉवर फोनला दिसणारच नाही. बॅटरी मात्र रेंज शोधताना झपाट्याने उतरते. लांब घाट असला की मी विमान मोड लावतो आणि थांब्यावर काढतो.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, आणि लाइट दोन दिवस आली नाही की बॅटरीही संपते आणि तिथल्या डिझेल जनरेटरपर्यंत कोणी पोचत नाही. अशा वेळी गावात दोन्ही सिमं एकदम गेलेली मी पाहिली, कारण पुष्कळदा एकाच मनोऱ्यावर दोनतीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात. याला कुठलाच प्लॅन पुरा पडत नाही. मी संस्थेच्या सेक्रेटरींना सांगून ठेवलंय की फोन लागला नाही तर एसएमएस टाका, रेंजमध्ये आलो की तो आपोआप मिळतो. ज्या संस्थेत फायबरचं इंटरनेट आहे तिथे वायफाय कॉलिंग चालू केलं की रेंज नसतानाही नेहमीच्या नंबरवरून कॉल लागतो, वेगळे पैसे पडत नाहीत. ही सोय बहुतेक फोनांत असते आणि बहुतेकांनी चालू केलेली नसते.

नवीन तालुक्यात जायचं असेल तर आधी नकाशा बघतो. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या नियमामुळे कंपन्यांना आता २जी, ४जी, ५जी कुठे आहे याचे नकाशे आपापल्या वेबसाइटवर टाकावे लागतात. नकाशात रंग भरलेला असला तरी तो उघड्यावरचा समजावा. संस्थेची खोली खोलगट जागी, वर पत्रा, भिंती दगडी, तिथे रंग कामाला येत नाही. तरी ज्या भागात रंगच नाही तिथे आपण काय घेऊन जायचं ते कळतं: रोख पैसे. यूपीआयच्या भरवशावर मी घाट चढत नाही. २जी रेंजवर *९९# डायल करून पैसे पाठवता येतात, पण ते सुरू करायला बँकेत दिलेला नंबर त्याच सिमचा लागतो आणि रक्कम पाच हजारांपर्यंतच.

मध्येच एकदा फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसलं तर घाबरू नका. सरकारी निधीतून उभारलेल्या दुर्गम भागांतल्या टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएलच्या ग्राहकांना एकमेकांचं ४जी वापरता येईल असं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. असे टॉवर देशभरात सत्तावीस हजारांच्या वर आहेत. आणि ११२ हा नंबर तर आपली रेंज नसली तरी ज्या कुठल्या कंपनीची असेल तिच्यावरून लागतो.

बीएसएनएलचं काय, असं विचाराल. खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा त्यांनी वाढवले नाहीत, म्हणून कितीतरी लोक तिकडे वळले. त्यांचं ४जी देशात बनवलेल्या यंत्रणेवर उभं राहिलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. दुसरं सिम म्हणून पैशाच्या दृष्टीने ते सगळ्यात हलकं पडू शकतं. घेण्याआधी आपला फोन ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ हा लहरींचा पट्टा पकडतो का ते बघून घ्या, कारण त्यांचं ४जी त्यावरही चालतं.

आता तक्रारी. एका कंपनीच्या ॲपमध्ये स्वस्तातला प्लॅन शोधणं म्हणजे भांड्याच्या दुकानात मागच्या फळीवरची वाटी काढण्यासारखं. वर सगळे महागडे, सिनेमा-गाण्यांची जोड लावलेले, आणि एकूण डेटाचा साधा प्लॅन पार तळाला. गल्लीतल्या रिचार्जवाल्याला विचारलं तर तोही २८ दिवसांचाच आधी सांगतो. दुसरा राग मुदतीचा. किंमत तीच ठेवून दिवस कमी करायचे, आणि ग्राहकाला ते पॅक संपल्यावरच कळावं, ही चाल मला आवडत नाही. म्हणून रिचार्ज मारण्याआधी मी किंमत न बघता किंमत भागिले दिवस बघतो.

वडिलांसाठी मात्र हिशेब वेगळा. ते फक्त बोलतात. ट्रायने सक्ती केल्यावर २०२५ च्या सुरुवातीला कंपन्यांनी नुसत्या कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आणले. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला, एअरटेलचा ४६९ ला. त्यांच्या फोनला तोच मारतो. फिरतीवरच्या माणसाच्या दुसऱ्या सिमला तो मी सुचवणार नाही, कारण मुख्य सिम मेल्यावर दुसऱ्यावर थोडा तरी डेटा नसेल तर चहाचे पैसेही देता येत नाहीत.

काश्मीर किंवा लडाखला जाणार असाल तर वरचं सगळं विसरा. घरच्यांना श्रीनगरला नेलं तेव्हा माझी दोन्ही प्रीपेड सिमं तिथे निव्वळ शोभेची होती. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. बायकोचा नंबर आधीपासून पोस्टपेड असल्याने सगळं कुटुंब तिच्या हॉटस्पॉटवर होतं, आणि बँकेचे ओटीपी मात्र माझ्या बंद नंबरवर येऊ बघत होते. तिकडे जायचं असेल तर निघण्याआधीच बँकेची कामं उरकून घ्या. घाईत प्रीपेडचं पोस्टपेड करून घ्यायचा विचार असेल तर परत प्रीपेडवर यायला थांबावं लागतं हेही विचारून घ्या. अमरनाथला जाणाऱ्यांसाठी बीएसएनएल वेगळं यात्रा सिम देतं.

आषाढीला पंढरपुरात कुठलंही सिम घ्या, सगळे सारखेच. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण आणि मेसेज हलत नाही. तिथे भेटायची जागा आधी ठरवणं हाच प्लॅन.

माझ्या दोन्ही प्लॅनची मुदत आता संपत आलीय. दोडामार्गकडच्या संस्था वाढल्यात आणि तिकडे माझं दुसरं सिमच जास्त चालतं, त्यामुळे या वेळी पोर्ट वगैरे काही न करता नुसती अदलाबदल करणार आहे. रोजच्या डेटाचा प्लॅन दुसऱ्या सिमवर, एकूण डेटाचा मुख्यवर. ग्राहकांकडे असलेला नंबर तोच राहील, आणि खर्च दिवसाला फार तर रुपयाभर इकडेतिकडे होईल.