चहासाठी कल्हईचं पितळी पातेलं: पावसाळा ते थंडी, रोजच्या वापराचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात तांबट आळीतून खास चहासाठी पितळी पातेलं घेतलं, आतून कल्हई म्हणजे कथलाचा थर, बाहेरून मठारकामाचे म्हणजे हातोडीने ठोकून केलेल्या नक्षीचे ठोके, चार-पाच कप आरामात होतील एवढं. आता थंडी सरत आली आणि तेव्हापासून घरातला सगळा चहा ह्यातच होतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चवीत फरक पडतो का, तर हो, पडतो. पण लोक म्हणतात तसा तो पितळेचा गुण चहात उतरून नाही पडत, आत कथलाचा थर असतो, चहाला पितळ लागतच नाही. खरी गंमत आचेची आहे. पितळ स्टीलपेक्षा कितीतरी पटीने चांगली उष्णता पसरवतं, त्यामुळे मधोमध दूध धरत नाही, मंद गॅसवर सगळा चहा एकसारखा रटरटत राहतो आणि आलं, गवती चहा ह्यांचा अर्क नीट उतरतो. अमृततुल्यवाले पितळी भांडं का सोडत नाहीत ते मला हे घरी आणल्यावर पटलं. मी पाण्यात साखर, ठेचलेलं आलं, गवती चहाची दोन पाती आधीच टाकतो, पाण्याला रंग चढला की सीटीसी म्हणजे दाणेदार चहा पावडर, मग दूध, आणि वर येऊ लागला की गॅस बारीक करून दोनदा खाली बसू द्यायचा. गाळायच्या आधी वेलची. तो वास हॉलपर्यंत गेला की हाक मारावी लागत नाही, सगळे आपोआप ओट्याशी येतात आणि दिवसातल्या निवांत गप्पा तिथेच उभ्या उभ्या होतात, मला तर ह्या पातेल्याचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं.

आता त्रास. काठ भयंकर तापतो, चांगली घट्ट पकड हवीच. बाहेरून काळं पडतं, चिंच-मीठ किंवा पितांबरीने लख्ख होतं पण हात चालवावा लागतो. आत मात्र तारेची घासणी अजिबात नको, मऊ स्पंज बास. आणि रिकामं पातेलं गॅसवर विसरायचं नाही, कथील २३२ अंशांनाच वितळतं, कल्हई गेलीच समजा.

मध्यंतरी आत तळाला कल्हई झिजून पिवळट डाग दिसायला लागले तेव्हा पुन्हा कल्हई करून घेतली. कल्हईवाल्याने भट्टीवर पातेलं तापवून नवसागर (कल्हईसाठी वापरतात तो पांढरा क्षार) फिरवला, पांढरा धूर निघाला, कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात सगळीकडे ओढलं आणि पाण्यात चर्र करून बुडवलं, आतून चांदीसारखं चकाकत बाहेर आलं! असे कारागीर आता कमी झालेत, त्यामुळे घ्यायच्या आधी तुमच्या भागात कोणी आहे का बघून ठेवा. घरी फक्त इंडक्शन असेल तर घेऊच नका, त्यावर पितळ तापत नाही. गॅस असेल तर मात्र बिनधास्त घ्या, फक्त जाड बुडाचं बघून.