क्राउन प्रिपरेशनचा बर संच: विकत घेण्याआधी टोकाची जाडी पाहा

क्राउनसाठी (दातावर बसवायच्या टोपीसाठी) दात कापायचे डायमंड बर (ड्रिलला लावायची हिऱ्याच्या कणांची टोकं) आता पाच-सहा नगांच्या तयार संचात मिळतात: खोलीच्या खाचा पाडणारा, सुईसारखा बारीक, गोल टोकाचा, निमुळता टेपर, अंडाकृती फुटबॉल आणि लाल पट्टीचा (बारीक कणांचा) फिनिशिंग बर. कल्पना चांगली आहे, कारण प्रिपरेशनचे (क्राउनसाठी दात कापून तयार करण्याचे) निम्मे नियम बरच्या आकारातच असतात. पण नगांची संख्या पाहून संच घेऊ नये. आधी टेपरच्या टोकाची जाडी पाहावी.

बरवरचा आयएसओ आकडा डोक्याच्या सर्वांत जाड भागाचा असतो. 016 म्हणजे 1.6 मिमी, पण टोकाशी नव्हे. 8 मिमी लांब आणि दर बाजूला 2 अंश उतार असलेल्या बरचं टोक जेमतेम 1 मिमीचं भरतं. चॅम्फर (मार्जिनला, म्हणजे कापाच्या कडेला, दिलेली गोलसर पायरी) करताना टोकाची निम्मीच जाडी दातात जायला हवी, म्हणजे मिळाला 0.5 मिमी. पूर्ण धातूच्या क्राउनला तो पुरतो, एकसंध झिर्कोनियालाही (कठीण सिरॅमिक) बरेचदा चालतो. लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकला मात्र कडेला 1 मिमी लागतो. तो याच बरने काढायला गेलं की टोक निम्म्याहून जास्त आत शिरतं आणि मार्जिनच्या बाहेर इनॅमलची (दाताच्या वरच्या कठीण थराची) पातळ, उभी कड उरते. तिला आधार नसतो, ती पुढे तुटते आणि क्राउनच्या कडेला फट पडते. या कामाला सपाट टोकाचा, कोपरे गोलावलेला बर लागतो, कारण त्याच्या टोकाची पूर्ण जाडी वापरता येते. पुष्कळ संचांत तो नसतोच. आमच्या मते ही सर्वांत मोठी उणीव आहे. घेताना तो वेगळा मागून घ्यावा.

उताराचं काम बरवरच सोडावं. बर क्राउन बसण्याच्या दिशेला समांतर धरला तर समोरासमोरच्या भिंतींत एकूण 4 अंश येतात, आणि तोंडात हात थोडा हलतोच, त्यामुळे प्रत्यक्षात 10 ते 20 अंशांत राहिलं तरी काम नीट होतं. मुद्दाम तिरका धरला की दात शंकूसारखा होतो आणि क्राउनची पकड जाते. तयार दाढेची उंची 4 मिमीहून कमी राहणार असेल तर बाजूंना खाचा द्याव्या लागतात.

खोलीचा बर या संचातली सर्वांत उपयोगी वस्तू. गुळगुळीत दांडा दाताला टेकला की त्यावरची कापणारी कडी पुढे जात नाही. पण पुढच्या दाताचा ओठाकडचा भाग फुगीर असतो. बर एकाच पातळीत धरला तर खाचा सगळीकडे सारख्या खोल होत नाहीत. हिरडीकडचा आणि कडेकडचा भाग वेगवेगळ्या कोनांत घ्यावा. शिवाय हा बर आज दिसणाऱ्या पृष्ठभागापासून मोजतो. दात झिजलेला किंवा कललेला असेल तर तो मोजच चुकीचा. अशा वेळी नियोजित आकारावर घेतलेला पुट्टीचा इंडेक्स (सिलिकॉनचा साचा) कापून, दातावर लावून पाहावा.

चावण्याच्या बाजूला लिथियम डायसिलिकेटसाठी 1.5 मिमी, झिर्कोनियासाठी 1 ते 1.5, धातूवर पोर्सेलीन असेल तर 2 मिमी जागा हवी. फुटबॉल पुढच्या दातांच्या आतल्या खोलगट भागासाठी उत्तम. त्याने सिंग्युलमची (हिरडीजवळच्या आतल्या उंचवट्याची) उभी भिंत मात्र कधीच घासू नये, नाहीतर पकड जाते. दाढेच्या चावणाऱ्या कस्पवर (उंचवट्यावर) 45 अंशांचा तिरपा काप राहून गेला की क्राउन नेमका तिथेच पातळ होतो.

सुईसारखा बर शेजारच्या दाताशी खेटून चालतो. कापायच्या दाताच्या इनॅमलचा पापुद्रा मध्ये राखून पुढे जावं आणि शेजारी धातूची पट्टी लावावी.

हिरव्या पट्टीचा (जाड कणांचा) बर भरभर कापतो, म्हणून मार्जिनला लावू नये. लाल पट्टीच्या बरचं टोक कापणाऱ्या बरशी जुळतं का, ते भिंगातून तपासावं. आकार वेगळा असेल तर फिनिशिंग करताना मार्जिनवर दुसरी पायरी उमटते. पाणी मिनिटाला निदान 50 मिली आणि थेट टोकावर पडायला हवं. झिजलेल्या बरवर हात नकळत जोर देतो आणि उष्णता पल्पपर्यंत (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्यापर्यंत) पोचते; 5.5 अंश सेल्सिअसची वाढही पल्पला धोक्याची मानतात. त्यामुळे टेपरचे सुटे बर मिळणार नसतील तर तो संच घेण्यात अर्थ नाही, कारण सर्वांत आधी तोच झिजतो.